फोटो नाही, तर पक्षी नाही

सलिल कर्णिक पक्ष्यांचे उत्तम फोटो काढतो, हे डोंबिवलीत बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना तो स्वतः सांगतो. पण सलिलला पक्षी दिसत नाहीत, हे मात्र एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते म्हणजे त्याची बायको वल्लरी. दिसत नाहीत म्हणजे डोळे अधू आहेत असं नव्हे. भाजीवाल्याने मापात काटा मारला तर तो रस्त्याच्या पलीकडून ओरडेल. पण समोर बाभळीचं झाड असलं आणि त्यात खंड्या बसलेला असला, की सलिलला झाड दिसतं. नुसतं झाड. मग वल्लरी त्याच्या खांद्यामागून हळूच सांगते, "अकरा वाजता. मधली फांदी. पानाच्या मागे." समोर घड्याळाची तबकडी आहे असं धरायचं, बारा म्हणजे नाकासमोर, तीन म्हणजे उजव्या हाताला, अशी ही पक्षी बघणाऱ्यांची बोली. सलिल लेन्स वळवतो, खटखट बटण दाबतो, आणि संध्याकाळी मोबाइलवर वाहवा सुरू होते. तो बटण दाबतो तोवर वल्लरीची नजर पुढच्या झाडावर गेलेली असते, कारण पुढचा पक्षी कोण शोधणार?

बावीस वर्षं असं चाललं होतं. दुर्बीण तिची, कॅमेरा त्याचा. ती ठाण्याला विम्याच्या ऑफिसात, तो एमआयडीसीत इंजिनिअर, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. रविवार आला की दोघं पहाटे स्कूटर काढून भोपरच्या पाण्यावर नाहीतर खाडीकाठी. सुखाचं होतं, खोटं कशाला बोला. वल्लरीने कधी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करण्यासारखं काही आहे हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी जमणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप होता, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लोकांचा. या ग्रुपला एक कायदा होता आणि तो सलिलनेच केलेला. त्याचं असं झालं, की राकेश नावाच्या एका उत्साही गड्याने एकदा सकाळी सकाळी ग्रुपवर टाकलं, खाडीच्या तिवरांत मोठा गरुड बसलाय, असला इथे कुणी पाहिलेला नाही. झालं. कुणी रजा टाकली, कुणी पोटदुखीचं कारण सांगितलं, दिव्याहून कल्याणहून माणसं धावली. कोपरीचे देवरामकाका, ग्रुपमधले सगळ्यात जुने, सत्तरी ओलांडलेले, चिखल तुडवत आले. गरुड होता तिथेच होता. वाऱ्यावर पंखही हलवत होता. जवळ जाऊन बघतात तर कचऱ्याची काळी पिशवी. त्या दिवशी सलिलने तिथल्या तिथे नियम घातला. फोटो नाही, तर पक्षी नाही. ज्याच्याकडे फोटो नाही त्याने दिसला म्हणून सांगायचं नाही, आणि वर्षभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्या देवरामकाकांनी तो हिशेबात धरायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वल्लरीनेही डोलावली. तिला काय, तिच्या प्रत्येक पक्ष्याचा फोटो नवऱ्याकडे होताच.

तर या सलिलच्या फोटोंचं ठाण्यात प्रदर्शन ठरलं. विषय, वाळवंटातले पक्षी. कच्छ, जैसलमेर, बिकानेर, सगळीकडे दोघं हिंडून आले होते, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. फक्त एक पक्षी राहिला होता. हायपोकोलियस. नाव असं, की म्हणेपर्यंत पक्षी उडून जावा. राखाडी रंगाचा, बुलबुलाएवढा, शेपूट तेवढी लांब. हिवाळ्यात अरबस्तान-इराणकडून कच्छच्या रणाकाठी येतो, पिलू नावाच्या झुडपांवरची फळं खातो, आणि ऊन तापायला लागलं की परत जातो. भारतात दुसरीकडे सहसा मिळत नाही. दोघं त्याच्यासाठी दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते.

आणि या शहाण्याने प्रदर्शनाच्या निमंत्रणावर त्याचीच आकृती छापून घेतली.

"अरे, आधी फोटो तर मिळू दे," वल्लरी म्हणाली.

"मिळणारच. तू आहेस ना."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय. पण 'तू आहेस ना' हे तो इतक्या सहज म्हणाला, की तिला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली.

होळी झाली आणि ते निघाले. बरोबर कल्याणचा राजरत्न आणि त्याची बायको वैशाली. राजरत्न वीज कंपनीत, फोटोग्राफीत सलिलला गुरू मानणारा. वैशाली पालिकेच्या शाळेत शिकवायची, आणि अशा सहलीला पहिल्यांदाच येत होती. तिच्याकडे ना कॅमेरा ना दुर्बीण. नवऱ्याने घेऊन दिलेली टोपी मात्र होती. बोरिवलीहून भुजची गाडी, भुजहून वाटाड्या जुमाभाईंची जीप, आणि मग रणाच्या कडेचं एक गाव, तिथे मातीच्या गोल खोल्यांत मुक्काम.

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर आठवतो. इथे वसंत म्हणजे केर नावाच्या काटेरी, बिनपानांच्या झुडपांवर आलेली लाल फुलं. बाकी सगळी फुटलेली खारी जमीन, मध्येच मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि नजर पोचेल तिथपर्यंत पिलूची झुडपं. पहाटे स्वेटर लागायचा आणि नऊ वाजता तोच स्वेटर डोक्यावर धरून सावली करावीशी वाटायची. हायपोकोलियसची एक सवय होती. सकाळी ऊन पडलं की तो थोडा वेळ झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसतो. एकदा आत शिरला की शिरला, मग दिवसभर शोधत बसा. म्हणजे रोज सकाळचा तो थोडा वेळ काय तो हातात, आणि अशा तीनच सकाळी त्यांच्याकडे होत्या.

पहिली सकाळ वाया गेली. चंडोल दिसले, क्रौंचांची एक लांबलचक रांग ओरडत डोक्यावरून गेली, वैशाली मान मोडेपर्यंत बघत राहिली. सलिलने वरही पाहिलं नाही. क्रौंच त्याच्याकडे होते.

दुसऱ्या सकाळी मादी दिसली. दिसली म्हणजे वल्लरीला. झुडपाच्या आत काहीतरी हललं, तिने दुर्बीण लावली आणि लगेच म्हणाली, "साडेदहा. खाली. आतल्या बाजूला." सलिलने लेन्स वळवली तोवर फांदी नुसती हलत होती.

"उशिरा सांगितलंस," तो म्हणाला.

"दिसली तेव्हाच सांगितलं."

"लक्ष नव्हतं तुझं. वैशालीशी बोलत होतीस." हे त्याने राजरत्न आणि वैशालीच्या देखत म्हटलं. वल्लरीने दुर्बीण पुन्हा झुडपाकडे नेली. वाद घालायला आवाज लागतो, आणि पक्ष्यांच्या जवळ आवाज करायचा नसतो, ही सवय तिला घरातही लागून गेली होती.

मुक्कामावर परतल्यावर बाजरीचा रोटला, लोणी आणि गूळ पुढे आला. सलिल आणि राजरत्न उद्या कुठलं झुडूप धरायचं त्याची चर्चा करत बसले. वैशाली ताट घेऊन वल्लरीच्या शेजारी आली.

"ताई, कशी होती हो ती मादी? मला तर काहीच दिसलं नाही."

वल्लरीने सांगायला तोंड उघडलं. राखाडी, असं ती म्हणणार होती, पण ते तर पुस्तकातलं झालं. तिला आठवायला लागलं तर एवढंच आठवत होतं, की साडेदहा, खाली, आतल्या बाजूला.

"नीट नाही बघितली गं," ती म्हणाली. "सलिलला सांगायची घाई होती."

"मग आजवर बघितलेल्यांतला सगळ्यात आवडता कुठला?" वैशालीला शाळेतल्या पोरांना विचारायची सवय, तिने सरळ विचारलं.

"असं काही ठरवलं नाही."

"पण एखादा तरी असेल ना? सारखा डोळ्यांपुढे येणारा?"

वल्लरी विचार करायला लागली. डोळ्यांपुढे यायला पुष्कळ आले. पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी, माळावरचा ससाणा, तोंडात मासा धरलेला खंड्या. पण जो आला तो चौकटीत आला. खंड्याच्या खाली कोपऱ्यात सलिलची सहीसुद्धा होती. तो खंड्या तिनेच शोधलेला, भोपरला, कडाक्याच्या थंडीत. पण त्याने मासा कसा पकडला, पकडल्यावर फांदीवर आपटला का, पुढे कुठे गेला, काही म्हणजे काही आठवेना. ती तेव्हा पुढचं झाड बघत होती. बावीस वर्षांत आपण पक्षी दाखवले शेकड्यांनी, आणि धड बघितला एकही नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिला स्वतःची कीव आली. मग कीव आली म्हणून राग आला. रोटला गार होऊन चामड झाला तरी ती तुकडे मोडत बसली होती.

रात्री सलिलला हे सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तो उद्याच्या वाऱ्याची दिशा बघत होता. "उद्या शेवटची सकाळ," तो म्हणाला. "उद्या चुकायचं नाही हं." ती हो म्हणाली.

तिसऱ्या सकाळी राजरत्न, वैशाली आणि जुमाभाई झुडपांच्या पलीकडच्या बाजूला गेले. अलीकडे हे दोघं. सलिलने आदल्या दिवशीच हेरून ठेवलेल्या झुडपासमोर ट्रायपॉड लावला, ऊन कुठून येणार ते पाहिलं, आणि डोळा कॅमेऱ्याला लावून उभा राहिला. वल्लरी त्याच्या चारपाच पावलं मागे, हातात दुर्बीण.

ऊन वर आलं. सलिलच्या झुडपावर काही आलं नाही. वल्लरीने सवयीने मान वळवली, आणि तिच्या उजव्या हाताला, सातआठ हातांवर, एका बुटक्या पिलूच्या शेंड्यावर तो येऊन बसला.

नर होता. चुलीतली राख पूर्ण गार झाल्यावर होते तसा रंग. डोळ्यांवरून मागे मानेपर्यंत गेलेली काळी पट्टी, शेपटीच्या टोकाला काळा रंग. दुर्बिणीची गरजच नव्हती. ऊन थेट त्याच्या तोंडावर होतं. सलिलच्या पाठीमागे, उजव्या अंगाला होता तो. पाच वाजता. एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते तिच्या जिभेवर आलेसुद्धा.

आणि तिला कळलं, की हे दोन शब्द बोलले की आपलं काम संपलं. सलिल वळेल, ट्रायपॉडचा पाय दगडाला लागेल, खटखट सुरू होईल, आणि आपण दुसरं झुडूप बघायला लागू. हाही चौकटीत जाईल. म्हणून ती गप्प राहिली. आत्ता सांगते, एवढं बघते आणि सांगते, असं मनाशी म्हणत गप्प राहिली.

तेवढ्यात पक्ष्याने शीळ घातली. सलिलने मान वर केली.

"तोच आहे," तो कुजबुजला. "वल्लरी, कुठे?"

त्याने लेन्स डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, मग पुन्हा त्याच रिकाम्या झुडपावर आणली. मागे वळून बघायचं त्याला सुचलं नाही, कारण मागे वल्लरी होती आणि मागचं बघणं तिचं काम.

"वल्लरी. अगं, कुठे?"

तिचं काळीज इतकं धडधडत होतं की पक्ष्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. लहानपणी देवघरातला प्रसाद नैवेद्याआधी तोंडात टाकला होता तेव्हा अशी भीती वाटली होती, आणि असाच आनंदही झाला होता. तिने पक्ष्यावरची नजर काढली नाही. तो आपल्या मर्जीने बसला, आपल्या मर्जीने उडाला. उडताना काळ्या पंखांची पांढरी टोकं उघडली, आणि मग नुसतं आकाश राहिलं.

सलिल वळला. त्याने तिचं तोंड पाहिलं.

"कुठे होता?"

"तुझ्या मागे."

"तुला दिसला?"

"हो."

"मग?"

ती खोटं बोलू शकली असती. आत्ताच दिसला, आत्ताच उडाला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. "बराच वेळ होता," ती म्हणाली. "मी बघत होते."

सलिलला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने आधी विचारलं काय, तर, "किती लांब होता?"

"सातआठ हात."

"ऊन?"

"तोंडावर."

त्याने डोळे मिटून घेतले. बिचाऱ्याला न काढलेला फोटो दिसत असणार. "दाखवायचा होतास," तो म्हणाला.

"दाखवला असता तर मला दिसला नसता."

"म्हणजे काय?"

म्हणजे काय ते तिला कालपासून सांगायचं होतं, पण आता ते एका वाक्यात येईना, आणि दुसरं वाक्य ऐकायला तो थांबला नाही. "बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तुझी खरी गरज होती," असं म्हणून तो ट्रायपॉडचे पाय मिटायला लागला. पहिल्यांदा, म्हणे. एरवी अकरा वाजता, साडेदहा वाजता कानाशी सांगायला जणू शेजारीण येत होती. वल्लरीच्या मनात हे आलं आणि तिला हसूही आलं, पण ते हसायचं ठिकाण नव्हतं.

त्यानंतर ते अजून दीड तास तिथे होते. पक्षी पुन्हा आला नाही. जीपकडे परतल्यावर राजरत्नने विचारलं, तेव्हा वल्लरीनेच खरं काय ते सांगितलं. वैशाली "खरंच?" म्हणाली आणि पुढे काही विचारणार होती, पण राजरत्नने तिच्या हाताला हात लावला. परतीच्या गाडीत सलिल वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपला. वल्लरीला पश्चात्ताप होत नव्हता. तेच तिला जास्त टोचत होतं. आता रविवारी हा आपल्याला बरोबर नेईल की नाही, पुन्हा 'तू आहेस ना' म्हणेल की नाही, याची मात्र भीती वाटत होती, आणि त्या भीतीने तिला झोप लागली नाही.

घरी आल्यावर दोघं कामापुरतं बोलत होते. दूध आणलंस का, बिल भरलंस का. एका संध्याकाळी ती गवार मोडत बसलेली असताना ग्रुपवर सलिलचा निरोप आला. यंदा हायपोकोलियस आलेच नाहीत. आम्ही तीन दिवस होतो. हवा लवकर तापली, त्याचा परिणाम असावा.

वल्लरीने ते दोनदा वाचलं. तो पलीकडच्याच खोलीत बसून हे लिहीत होता. फोटो मिळाला नाही म्हणून चिडला, ते तिने समजून घेतलं असतं. तिची चूक होती असं तो म्हणाला असता, तर तेही ऐकून घेतलं असतं. पण आलेच नाहीत? म्हणजे ती तिथे जे उभी राहून बघत होती ते काय होतं? बावीस वर्षांत तिने एक पक्षी स्वतःसाठी बघितला होता, आणि नवऱ्याने तो दोन ओळींत पुसून टाकला होता. खाली लोकांचे हळहळीचे अंगठे येत होते. तिने उत्तर लिहायला घेतलं आणि थांबली. फोटो कुठाय, असं कुणीतरी विचारणारच. मग तिने राहिलेली गवार तशीच डब्यात टाकली आणि दिवा घालवून बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी ठाण्याला चांगली गर्दी झाली. भाषणं झाली, पेढे फिरले. पाहुणे गेल्यावर ग्रुपची मंडळी तेवढी खुर्च्या ओढून गप्पा मारत बसली. भिंतींवर सलिलचे पक्षी होते, एकाहून एक. वल्लरी पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होती. राकेशने निमंत्रणाचं कार्ड हातात नाचवत विचारलं, "सलिलदा, सगळी वऱ्हाडी मंडळी आली, नवरदेव कुठाय? कार्डावरचा?"

"अरे, टाकलं होतं ना ग्रुपवर. यंदा आलेच नाहीत ते," सलिल म्हणाला, आणि तापमानाचं पुराण सुरू केलं.

राजरत्न जमिनीकडे बघायला लागला. वैशालीने वल्लरीकडे पाहिलं.

"आला होता," वल्लरी म्हणाली.

ती इतकी हळू बोलली, की राकेशला 'काय वहिनी?' म्हणून विचारावं लागलं.

"आला होता म्हटलं. मी पाहिला. नर होता."

राकेशच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. पाच वर्षं तो त्या पिशवीवरून टोमणे खात आला होता, त्याला आज सूट कशी मिळेल? "फोटो?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग वहिनी, पिशवी असेल. राखाडी." लोक हसले, वाईट मनाने नव्हे, पण हसले. "नियम म्हणजे नियम. मला कुणी सोडलं होतं का?"

वल्लरीला रडू येईल असं वाटलं आणि ते इथे येऊ द्यायचं नाही एवढंच तिने ठरवलं. डबा घट्ट धरून ती उभी राहिली. देवरामकाका सलिलकडे वळले.

"सलिल, तू होतास तिथं. तुला दिसला?"

"नाही, काका."

"फोटू नाय?"

"नाही."

"मंग नाय धरायचा? नियम तुझाच हाये, बाबा. तूच सांग."

सगळे सलिलकडे बघायला लागले. वल्लरी बघत नव्हती. नाही म्हणायला त्याला एकच शब्द पुरला असता, आणि तो खोटाही ठरला नसता, कारण त्याने खरंच पाहिला नव्हता. त्याची अब्रू राहिली असती, नियम राहिला असता. शेवटी तिने मान वर केली. सलिल भिंतीकडे बघत होता. ससाण्याकडे, मग माळटिटवीकडे, मग वाळूच्याच रंगाच्या त्या चंडोलाकडे, जो फोटोतसुद्धा पटकन सापडत नाही.

"धरायचा," तो म्हणाला.

"का बरं?" राकेशने विचारलं.

"हा चंडोल मला दिसला नव्हता. ती म्हणाली दोन वाजता, ढेकळाच्या बाजूला. मी तिथे लेन्स लावून बटण दाबलं. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा पहिल्यांदा बघितला. ससाण्याचं तेच. इथला एकही पक्षी मी शोधलेला नाही. सगळे तिच्या शब्दावर आहेत." तो थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तिचा तो पक्षी धरायचा नसेल, तर मग ह्या सगळ्या फ्रेमा उतरवाव्या लागतील, काका. आणि आलेच नाहीत म्हणालो ते मी खोटं बोललो. राग आला होता."

राकेशने हातातलं कार्ड खिशात ठेवलं. सलिलला आता कुणाकडे बघावं कळेना, म्हणून तो सगळ्यांकडे पाठ करून एक सरळच असलेली फ्रेम सरळ करायला लागला.

देवरामकाकांनी शेजारची खुर्ची थोपटली. "बस, पोरी. कसा व्हता, सांग."

वल्लरी बसली. आधी तिने रंग सांगितला, डोळ्यांवरची पट्टी सांगितली. लोकांनी ते पुस्तकात वाचलेलं होतं. मग ती पुस्तकात नसलेलं सांगायला लागली. आल्या आल्या त्याने पिसं फुगवली आणि उन्हात एक डोळा मिटला. एकच. दुसरा तिच्यावर ठेवला होता. मग खालच्या फांदीवरचं एक पिकलेलं फळ तोडलं, चोचीत इकडून तिकडे फिरवलं, आणि ते सुटून खाली पडलं.

"मग तो खाली वाकून बघत बसला," ती म्हणाली. "मान अशी तिरकी करून. या फांदीवरून, मग त्या फांदीवरून. आपलं काही हरवलं की आपण शोधतो ना, अगदी तसं."

फ्रेमशी चाळा करणारा सलिलचा हात थांबला. तो वळला.

"मग?" त्याने विचारलं. "सापडलं त्याला?"

"नाही," वल्लरी म्हणाली. "दुसरं तोडलं."